बर्फाचे जोडे चावायचे थांबले, त्याबद्दल आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

गुलमर्गहून परतल्यावर चपलेचा अंगठा शिवून घेण्यासाठी मी आपल्याकडे आले, तेव्हा हातातल्या कामावरून नजर न काढता आपण एवढेच विचारलेत, "मग ताई, चावले का बर्फाचे जोडे?" समोर चार गिऱ्हाइके उभी होती आणि शाळा सुटण्याच्या वेळेमुळे धरमपेठेतला तो रस्ता गजबजलेला होता, म्हणून मीही "नाही, काका" एवढेच बोलून निघाले. उत्तर खरे होते, पण फार तोकडे होते. आपण रोज सकाळी दुकान लावण्याआधी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचता हे मला ठाऊक आहे. त्यामुळे हे पत्रही आपण सावकाश वाचाल असे धरून सविस्तर लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, नागपुरातून स्कीइंग शिकायला निघालेली मंडळी अलीकडे मला हमखास एकच प्रश्न विचारतात, की स्कीचे बूट, म्हणजे आपले 'बर्फाचे जोडे', पायाला चावू नयेत म्हणून काय करायचे, आणि त्याचे उत्तर मला आपल्या दुकानातल्या स्टुलावर बसून मिळालेले आहे.

गेल्या वर्षी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा माझी सारी धास्ती थंडीची होती. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर, तर गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. तेव्हा स्वेटर, कानटोपी, हातमोजे यांची यादी करण्यात महिना गेला आणि पायांचा विचार मनात आलाच नाही. तिथे भाड्याने बूट देणाऱ्याने माझ्या रोजच्या बुटाचा नंबर विचारला. त्या मापाचा जोड घालून मी ताठ उभी राहिले, बोटे पुढे टेकतात अशी कुरकुर केली, आणि त्याने निमूटपणे मोठ्या मापाचा जोड पुढे सरकवला. थंडीच्या भीतीने मी आधी सुती मोजे, त्यांवर लोकरीचे मोजे घातले आणि थर्मल पायजम्याचे टोकही त्यातच कोंबले. बूट तरीही सैल वाटला म्हणून चारही बक्कले दात आवळून घट्ट केली. एवढ्या सगळ्या चुका एका पायात मावू शकतात हे मला आज आश्चर्याचे वाटते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजे काढले, तेव्हा दोन्ही नडग्यांवर बोटभर रुंदीचे जांभळे पट्टे उमटले होते, पायजम्याची शिवण जिथे दाबली गेली होती तिथली कातडी सोलवटली होती आणि उजव्या टाचेवर बोरावढा फोड आला होता. नडगीचे हाड पुढच्या बाजूने थेट कातडीखाली असते. पोटरीसारखी मांसाची गादी तिथे नसते, त्यामुळे तिथला मार सरळ हाडाला जाणवतो. शिकवणाऱ्यांपैकी एकाने "सवय होईल" असे सांगितले. सवय झाली नाही. चौदा दिवसांच्या वर्गातले चार दिवस मी बुखारीशेजारी, म्हणजे खोली उबदार ठेवणाऱ्या शेगडीशेजारी, कहवा पीत, खिडकीतून इतरांना घसरताना पाहत काढले. परत आले ती याच समजुतीने की माझे पायच या खेळाला लायक नाहीत.

तरीही मे महिन्यात मी एक वापरलेला जोड विकत घेतला, याचे श्रेय किंवा दोष वर्गातल्या पुण्याच्या एका मैत्रिणीकडे जातो. तो पिशवीत घालून आपल्याकडे आणला, तेव्हा बाहेर ४४ अंश तापमान होते आणि शेजारच्या दुकानातल्या कूलरचा तेवढा आवाज येत होता. नडगीजवळ काहीतरी मऊ चिकटवून द्यावे, एवढीच माझी विनंती होती. आपण असा बूट पूर्वी कधी पाहिलेला नव्हता. तो हातात घेऊन आपण आधी त्याचे वजन केलेत, मग बक्कले एकेक उघडून पाहिलीत, आतला मऊ बूट ओढून बाहेर काढलात आणि कडक कवचाच्या आत हात घालून बराच वेळ चाचपत राहिलात. मग म्हणालात, "ताई, जोडा नाही चावत. पाय आतमधे खेळून राह्यला, म्हणून चावते. जिथं दुखते तिथं लावून काय फायदा?"

हे वाक्य मी त्यानंतर किती जणांना ऐकवले असेल याची गणती नाही. मी नडगी दाखवत होते आणि आपण टाच पाहत होता. टाच तिच्या खोबणीत बसली नाही की प्रत्येक वळणाला ती वर उचलली जाते आणि घासते. टाच उचलली की पाय पुढे सरकतो, आणि मग नडगी बुटाच्या जिभेला, म्हणजे पुढच्या पट्टीला, सलग टेकून राहण्याऐवजी दूर जाते व पुन्हा येऊन आदळते. टाचेचा फोड आणि नडगीचा जांभळा पट्टा ही दोन दुखणी नसून एकाच सैलपणाची दोन टोके होती.

आपण मला रिकाम्या कवचात, केवळ एक पातळ मोजा घालून, बोटे पुढे टेकवून उभे केलेत आणि टाचेमागे बोटे घालून पाहिलीत. दीड बोट जागा होती. "लांबी बराबर हाय," असा आपला निवाडा होता. पुढे वाचनात आले की स्कीचे बूट बसवणारे जाणकार नेमकी हीच परीक्षा करतात आणि टाचेमागे साधारण दीड ते दोन सेंटिमीटर जागा योग्य मानतात. या बुटांचे माप म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी असते, हेही मला तेव्हाच कळले. माझे पाऊल २४.२ सेंटिमीटरचे, हा जोड २४.५ चा, आणि आदल्या वर्षी मी २६ चा जोड घालून डोंगर उतरत होते! ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे टेकणे हा दोष नव्हताच. गुडघे वाकवून नडगी पुढे रेलली की टाच मागे बसते आणि बोटांना आपोआप जागा मिळते. मी मात्र ताठ उभी राहून माप ठरवले होते, जणू मला त्या बुटात रांगेत उभे राहायचे होते.

लांबी बरोबर असली तरी आधीच्या मालकिणीच्या वापराने आतला मऊ बूट घोट्यापाशी दबून गेला होता. आपण नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे, तुकडे इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकारात कापलेत आणि घोट्याच्या हाडाला मोकळे सोडून त्याच्या खालून व मागून, मऊ बुटाच्या बाहेरच्या अंगाला, आधी नुसत्या चिकटपट्टीने लावलेत. सोल्यूशन लगेच का लावत नाही, असे मी विचारले, तेव्हा "आधी पाय काय म्हणते ते ऐकू," असे उत्तर मिळाले. त्या भर उन्हाळ्यात मी ते बूट घालून आपल्या दुकानात तासभर बसले, गुडघे वाकवून पुढे रेलत राहिले, आणि येणारे-जाणारे थांबून पाहू लागले. एकाने तर कृत्रिम पाय बसवून घेत आहात का, असे हळहळून विचारले. डाव्या घोट्याला मुंग्या आल्या म्हणून आपण तिथला तुकडा रापीने निम्म्याने पातळ केलात. असे तीनदा झाले. मगच सोल्यूशनचा डबा उघडला. जिभेच्या वरच्या काठावर शिवणीचा एक कडक कंगोरा होता, तो माझ्या लक्षातही आला नव्हता; तो आपण ठोकून, घासून सपाट केलात. नडगीसाठी आपण केलेले काम एवढेच, आणि तेवढेच पुरेसे ठरले.

मोज्यांविषयीही आपणच बजावले होते की मोज्यावर मोजा घातला की एक सरकतो, सुरकुती पडते आणि ती सुरकुती दिवसभर खडे घातल्यासारखी टोचते. म्हणून या वेळी मी लोकरमिश्रित, पातळ, गुडघ्यापर्यंतचा एकच मोजा घातला. थर्मल पायजमा पोटरीच्या वर दुमडून ठेवला आणि बर्फात घालायच्या पँटच्या आतली बर्फ अडवणारी झालर बुटात न खुपसता बुटाच्या बाहेरून ओढून घेतली. मऊ बुटात पाऊल आणि मोजा यांखेरीज काहीही जाऊ नये, हा नियम ऐकायला सोपा आहे; पण थंडीने कुडकुडणाऱ्या नागपूरकराला तो पाळणे जड जाते. सुती मोजा मी घरीच ठेवला, कारण सूत घाम धरून ठेवते आणि ओलसर कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त घट्ट पकडून ओढली जाते. फोड हा केवळ वरवरच्या घासण्याने येत नाही. हाड एका बाजूला हलते, वरची कातडी मोज्याला धरून राहते, मधले थर पुन्हा पुन्हा ताणले जाऊन फाटतात आणि त्या फटीत पाणी भरते. "पाय आतमधे खेळून राह्यला" या आपल्या चार शब्दांत हे सगळे आलेले आहे.

टाचेला मात्र मी आपल्याला न विचारता आणखी एक गोष्ट केली. दवाखान्यात पट्टी बांधताना वापरतात ती साधी कागदी टेप मी रोज सकाळी स्वच्छ, कोरड्या टाचेवर लावत असे; कोपरे कात्रीने गोल कापून, म्हणजे ते मोज्यात अडकून उलगडत नाहीत. अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी लांब पल्ल्याच्या धावपटूंवर अशा टेपची चाचणी घेतली होती आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात टेप लावलेल्या जागी फोडांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले होते. धावण्याचे बूट आणि स्कीचे बूट यांत फरक आहे. तरीही सीताबर्डीच्या औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या वस्तूसाठी एवढा पुरावा मला पुरेसा वाटला.

गुलमर्गला सकाळी बूट घालण्याचा माझा क्रमही बदलला. गारठ्यात प्लास्टिक कडक होते आणि पाय आत जाताना कातडी खरचटते, म्हणून रात्री बूट खोलीत ठेवत असे; पण बुखारीला चिकटवून नव्हे, कारण आतला फोम आचेने आकार बदलू शकतो. मऊ बूट रोज बाहेर काढून वाळवत असे. सकाळी पाय आत गेला की टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटायची, जीभ मधोमध आहे ना ते पाहायचे, वरचा पट्टा व वरची बक्कले हलकीच लावायची, नडगी पुढे रेलून टाच मागे बसवायची, आणि मगच पावलावरची बक्कले, तीही जेमतेम अडकतील इतपतच, लावायची. पावलावर जास्त आवळले की रक्त पोचत नाही, बोटे गार पडतात आणि माणूस उगाच आणखी मोजे शोधू लागतो. दोन-तीन फेऱ्यांनंतर फोम दबला की वरचे बक्कल आणखी एका दाताने घट्ट करायचे. चालताना वरची बक्कले सैल सोडायची.

पाचव्या दिवशी डाव्या नडगीवर लाली आली आणि माझा धीर सुटला. नमदा सरकला असेल असे वाटून मी मऊ बूट काढून पाहिला. आपले काम जागच्या जागी होते. दोष माझ्या उभे राहण्यात निघाला. उतार तीव्र झाला की मी घाबरून मागे रेलत होते, नडगी जिभेपासून सुटत होती आणि पुढच्या खड्ड्यात परत येऊन आदळत होती. नव्या शिकवणाऱ्या बाईंनी मला दोन दिवस पुन्हा सपाटीवर उतरवले आणि नडगीने जीभ सतत दाबून ठेवायला शिकवले. लाली गेली. कितीही नेमका बसवलेला जोड असला तरी भीतीने मागे रेलणारे अंग तो सरळ करू शकत नाही. हे आपल्या हातात नव्हतेच.

हे कडक, उंच बूट तसे फार जुने नाहीत. पूर्वी चामड्याचे, लेस बांधायचे बूट असत. १९६० च्या दशकात अमेरिकेतील बॉब लँग यांनी प्लास्टिकचे बूट बाजारात आणले आणि पायाचा जोर स्कीवर नेमका पोचू लागला, पण त्या जोराचा भार नडगीवर आला. आपल्याला चामड्याचा तो जुना बूट दाखवता आला असता, तर आपण त्यावर अधिक आपुलकीने बोलला असता असे मला वाटते. या प्लास्टिकला आपण "बादली" म्हणता.

चौदाच्या चौदा दिवस मी बर्फावर होते. शेवटच्या दिवशी टाचेवरची टेप काढली, तेव्हा खालची कातडी घरून निघताना होती तशीच होती. आमच्या तुकडीत अमरावतीची एक मुलगी होती. तिच्या भाड्याच्या बुटांची तीच रड होती जी माझी आदल्या वर्षी होती. तिला मी दुकानात परत नेले, कवचातून मऊ बूट काढायला लावले आणि आपल्यासारखीच टाचेमागे बोटे घालून पाहिली. तीन बोटे सहज गेली. तिने लहान माप मागून घेतले. दुकानदाराने मला विचारले की हे कुठे शिकलात, तेव्हा नागपुरात असे मी सांगितले आणि तो हसला. त्याला ती थट्टा वाटली असावी.

एक हिशेब राहिला आहे. तीन दुपारच्या कामाचे आपण १२० रुपये घेतलेत आणि मी आणखी देऊ केले तेव्हा, "बर्फावर चालते का नाही ते पाहू आधी," म्हणून नोटा परत केल्यात. आता बर्फावर चालले आहे. उजव्या बुटातला आतल्या अंगाचा नमदा एका कोपऱ्यातून सुटू लागला आहे, तो घेऊन मी रविवारी सकाळी येते. श्रीनगरला नमद्याच्या नक्षीदार सतरंज्या पाहिल्या तेव्हा मला आपल्या रापीखालचे तुकडे आठवले, म्हणून एक लहानशी सतरंजी आपल्यासाठी आणली आहे. ती आपण बसायला घ्यावी. कापून कोणाच्या जोड्यात घालणार असाल, तर निदान नक्षीचा भाग तेवढा वगळावा.

आपली,
धरमपेठेतली बर्फाच्या जोड्यांवाली ताई