तळपायावरच्या डागाबद्दल

प्रिय सुहास,

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. तळपायावरचा काळा डाग वर्षभरात पसरलाय, पण दुखत नाही. मोबाईलवरच्या अ‍ॅपनं फोटो बघून ‘धोका कमी’ सांगितलं, म्हणून तू निर्धास्त झालास. मी नाही झालो. मेलॅनोमा, म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशींचा त्वचेचा कर्करोग, सुरुवातीला बहुधा दुखतच नाही रे.

अ‍ॅपमागचं शास्त्र खोटं नाही. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की सुमारे १,३०,००० छायाचित्रांवर शिकवलेला संगणक ठरावीक चाचण्यांत त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीचं काम करतो. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पण असे संगणक ज्या फोटोंवर शिकतात, त्यांत गोऱ्या त्वचेचाच भरणा असतो. सावळ्या माणसांत मेलॅनोमा कमी होतो हे खरं, पण झाला तर बरेचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, आणि नेमके तिथलेच फोटो त्या संग्रहांत थोडे. गायक बॉब मार्लीचा मेलॅनोमा पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झाला होता. १९८१ मध्ये तो गेला तेव्हा अवघा ३६ वर्षांचा होता.

तुला हवी आहे ती डर्मोस्कोपी. हातात मावणारं भिंग असतं, साधारण दहापट मोठं दाखवणारं. त्याचा ध्रुवित प्रकाश त्वचेवरची चकाकी काढून टाकतो, आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे आतले रंग, जाळी, ठिपके समोर येतात. तळपायावर तर त्याचा उपयोग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तिथली त्वचा सरी-वरंब्यांच्या शेतासारखी असते. रंग सऱ्यांत साचलेला असेल तर तो बहुधा साधा तीळ. वरंब्यांवर चढलेला असेल, आणि त्यात घामाच्या छिद्रांचे पांढुरके ठिपके दिसत असतील, तर मात्र आम्ही सावध होतो. हा फरक लवकर कळतो, डाग अजून लहान असतानाच. मोबाईलच्या साध्या फोटोत तो दिसेलच असं नाही.

काही मोठ्या केंद्रांत कॉन्फोकल मायक्रोस्कोपही असतो. त्यात लेझरच्या साह्यानं न कापता पेशी पाहता येतात, पण वरच्या पाव मिलिमीटरपर्यंतच, आणि तळपायाची जाड त्वचा तिथं आडवी येते. तुझ्यासाठी त्याच्या मागे धावायची गरज नाही.

शेवटचा शब्द मात्र बायोप्सीचा. तपासणीत शंका आली तर तुकडा काढून पाठवतील, त्याला नाही म्हणू नकोस. मेलॅनोमा निघालाच, तर तो किती मिलिमीटर खोल गेलाय यावर पुढचं बरंचसं अवलंबून असतं. वरच्या थरातच असताना सापडला तर बहुतेकदा तेवढा भाग नीट काढून काम भागतं. म्हणून माझी ही घाई.

या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या आणि नखंही तपासायला सांग. लक्ष ठेवू म्हणाले तर डर्मोस्कोपीचा फोटो जपून ठेवायला लाव, म्हणजे पुढच्या वेळी ताडून बघता येईल. आणि कोणी कितीही सांगितलं तरी डाग न तपासता जाळून घेऊ नकोस. मग तपासायला काही उरत नाही. वहिनींना बरोबर ने, आणि बाहेर पडल्यावर आधी मला फोन कर.

तुझा,
अविनाश