‘निकाल कमी का?’ शिक्षणमंत्र्यांना रात्रशाळेच्या एका मास्तरचं खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

2025 च्या दहावीत राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला. अभिनंदन. आमच्या रात्रशाळेचा चाळिशीच्या आत लागला आणि लगोलग खुलासा मागवणारं पत्र आलं. निकाल कमी का, सुधारणेसाठी काय केलं, विहित नमुन्यात कळवा. नमुन्यात शिक्षकाचं नाव, विषय, नापासांची संख्या असे रकाने आहेत. विद्यार्थी दिवसभर काय करतो, याला रकाना नाही. म्हणून हे जाहीर उत्तर.

माझ्या वर्गात हॉटेलातली पोरं आहेत, कुरिअरवाले आहेत, वॉचमन आहेत, धुणंभांडी करणाऱ्या बायका आहेत. सोळा वर्षांच्या पोराशेजारी चाळिशीच्या मावशी बसतात, आणि गणित तो त्यांच्याच वहीतून उतरवून घेतो. शाळा मराठी माध्यमाची, पण निम्म्यांच्या घरात भोजपुरी नाहीतर तेलुगू. एक पोरगा भांडी घासून थेट वर्गात येतो. साडेसहाची शाळा, तो सातला पोचतो. बोटांची कातडी पाण्यानं पांढरी पडून सुरकुतलेली. भूमितीच्या तासाला हातात कर्कटक ठरत नाही, वर्तुळ जुळत नाही. दुसऱ्या तासाला तो बाकावर डोकं टेकून झोपतो आणि मी उठवत नाही. लिहा हेही माझ्या खुलाशात.

बोर्डाचा पेपर सकाळी अकराला असतो. संध्याकाळी शाळेला सोडतो हेच मालकाचे उपकार, ऐन मार्चात परीक्षेसाठी भरपगारी रजा कोण देणार? एक पेपर बुडाला की पोरगा गेला आणि आमचा टक्काही गेला.

गेल्या वर्षी आमच्या गुणगौरव समारंभाला तुमच्या खात्यातले एक वरिष्ठ अधिकारी आले होते. रात्रीही प्रयोगशाळा उघडी राहील, उपाशीपोटी येणाऱ्या मुलांना खाऊ मिळेल, महिनाभरात पत्र काढतो, असं माइकवर म्हणाले. टाळ्या पडल्या. पत्र आलं खरं, पण हे खुलाशाचं.

आता माझं ऐका. 17 मे 2017 च्या शासन निर्णयानं दुबार नोकरीचे, म्हणजे दिवसशाळेत नोकरी करून रात्रशाळेतही शिकवणारे शिक्षक रात्रशाळेतून एका झटक्यात घरी बसवले. त्यात मीही होतो. दिवसशाळा होती म्हणून चूल पेटली, पण घराचे हप्ते रात्रशाळेच्या पगारावर होते. बायकोच्या बांगड्या मोडल्या. मुलीचा क्लास बंद केला. त्याहून जास्त लागलं ते हे, की ऐन दहावीच्या वर्षात माझा वर्ग गणिताच्या शिक्षकाविना राहिला. 2022 मध्ये नवा निर्णय आला, आम्ही काहीजण परतलो, तोवर पट गळाला होता. आणि पट गळाला की संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकांची पदं ठरवताना, शिक्षक गळतो, शिक्षक गळला की निकाल गळतो, निकाल गळला की नोटीस! वा रे कारभार.

आणि शंभर टक्के निकालाचे फलक लावणाऱ्या दिवसशाळांना कधी खुलासा मागितलात? त्यांतल्या कितीतरी शाळा नववीतच कच्ची मुलं गाळतात. ‘17 नंबरचा फॉर्म भरा’, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसवा, म्हणून पालकांच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला ठेवतात. त्यातली काही आमच्याकडे येतात, बाकीची कुठे जातात ते तुमच्या पोर्टललाच विचारा. गाळणारे गुणवंत आणि गाळलेल्यांना शिकवणारे अकार्यक्षम! राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 म्हणतं, 2030 पर्यंत शंभर टक्के पटनोंदणी. ती काय वातानुकूलित शाळांमधून होणार आहे? जोतिरावांनी 1855 मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, हा दाखला 11 एप्रिलच्या भाषणात हटकून येतो. नशीब त्यांचं, त्यांना संचमान्यता लागली नाही.

मागणं फार नाही. रात्रशाळांचा निकाल वेगळा मोजा, तोही विद्यार्थ्याचं वय, काम आणि शिक्षणात पडलेला खंड पाहून. परीक्षेच्या दिवसांत मालकांनी सुट्टी द्यावी असा आदेश कामगार खात्याकडून काढून घ्या. प्रयोगशाळेची किल्ली द्या. आणि एकदा, कॅमेरे न घेता, आमच्या वर्गात येऊन बसा.

आपला,
रात्रशाळेतला एक गणिताचा शिक्षक, मुंबई

ता. क. येताना घरून स्वच्छतागृहात जाऊन या. ज्या दिवसशाळेच्या इमारतीत आम्ही भरतो, तिचा शिपाई संध्याकाळी त्याला कुलूप लावून जातो. आमच्या मावश्या साडेनऊपर्यंत कळ काढतात.