सभा उघडी, निर्णय मात्र बंद दाराआड

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या सीमाभागातल्या स्थानिक संस्थांमध्ये एक रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी आता कोणी तक्रारही करत नाही. सभेच्या आदल्या संध्याकाळी मोजकी मंडळी एकत्र बसतात, कोणता विषय घ्यायचा, कोणता लांबणीवर टाकायचा, कोणत्या गल्लीतली गटार आधी बांधायची हे तिथे ठरते, आणि दुसऱ्या दिवशी विषय वाचून होण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो. पक्षाची किंवा गटाची बैठक घेण्यात गैर काहीच नाही. परंतु आक्षेप, मतभेद आणि आकडे त्या खोलीतच राहिले आणि सभागृहात केवळ हात वर झाले, तर ज्यांच्या घरपट्टीतून ते काम होणार त्यांना निर्णय कळतो, तो का झाला हे कळत नाही.

ते कळणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 4 नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली मंडळे आणि समित्या यांचा तपशील स्वतःहून जाहीर करायचा आहे, आणि त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत की नाहीत, त्यांची इतिवृत्ते लोकांना पाहता येतात की नाहीत, हेही त्यात स्पष्ट लिहायचे आहे. प्रशासकीय निर्णयाची झळ ज्यांना बसते त्यांना त्याची कारणे द्यावीत, असेही हेच कलम सांगते. तरीही ठरावाची प्रत मागायला गेलेल्या माणसाला ‘आरटीआय टाका’ एवढेच उत्तर मिळते. म्हणजे जो कागद न मागता फलकावर लागायला हवा, त्यासाठी अर्ज करायचा, दहा रुपये भरायचे, तीस दिवस वाट पाहायची आणि उत्तर आले नाही तर अपिलाच्या वाटेला लागायचे.

बेळगाव तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचे ठराव बुक मला पाहायला मिळाले. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हा दोष एका गावापुरता असेल असे मला वाटत नाही. सदस्यांच्या सह्या निळ्या शाईत, प्रशस्त अंतर सोडून केलेल्या होत्या. त्यांच्या वरचा ठरावाचा मजकूर मात्र काळ्या शाईत, आणि शेवटच्या तीन-चार ओळी इतक्या दाटीवाटीने बसवलेल्या की अक्षरे सह्यांना जाऊन चिकटली होती. आधी मजकूर लिहून मग सह्या घेतल्या असत्या तर जागेची अशी ओढाताण झाली नसती. पुढच्या पानावर तर खाली सह्या होत्या आणि वरचे अर्धे पान कोरे होते. त्या कोऱ्या जागेत पुढे काय लिहिले गेले, हे सही करणाऱ्या सदस्यांना तरी ठाऊक आहे का, असा प्रश्न मला पडला.

कर्नाटकच्या 1993 च्या पंचायत राज कायद्याने ग्रामसभा आणि तिच्याआधी वॉर्ड सभा बंधनकारक केल्या आहेत. पंचायतीच्या कामांची आणि हिशेबाची लोकांसमोर तपासणी व्हावी म्हणून दरवर्षी जमाबंदीही होते. कागदावर ही व्यवस्था उत्तम आहे. पण नोटीस आयत्या वेळी निघाली, ती फक्त कार्यालयाच्या दारावर चिकटवली आणि ऐन सुगीत सकाळी अकराची वेळ ठेवली, तर शिवारातला माणूस येणार कसा? मग ‘लोकच येत नाहीत’ हे पीडीओंचे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांचे, उत्तर तयार असते.

कागदपत्रांच्या भाषेचा प्रश्नही इथेच येतो. मराठीतून कागदपत्रे मिळावीत ही आपली मागणी जुनी आहे आणि तिच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. या पत्रापुरते एवढेच म्हणतो की माहिती पोहोचवताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असे माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलमच सांगते. मात्र, विषयपत्रिका माझ्या कन्नड भाषिक शेजाऱ्यालाही वेळेवर मिळत नाही. या बाबतीत आम्ही दोघे एकाच रांगेत उभे आहोत, हे दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

शहराची गोष्ट थोडी वेगळी आहे. महापालिकेच्या 58 प्रभागांची निवडणूक सप्टेंबर 2021 मध्ये झाली, परंतु महापौर-उपमहापौर निवडले गेले ते फेब्रुवारी 2023 मध्ये. मधल्या काळात नगरसेवक निवडून आलेले होते, पण सभागृह चालत नव्हते आणि कारभार प्रशासनाच्या हाती होता. जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत 2021 मध्ये संपल्यावर तिथेही कित्येक वर्षे निवडणुका झाल्या नाहीत. त्यात भर म्हणजे 2016 च्या पहिल्याच यादीत स्मार्ट सिटीसाठी बेळगावची निवड झाली, तेव्हा योजनेच्या नियमाप्रमाणे कामे स्वतंत्र कंपनीकडे गेली. कंपनी म्हटली की संचालक मंडळ आले, आणि संचालक मंडळाच्या बैठकीला प्रेक्षकांची गॅलरी नसते. रस्ता आपल्या दारातला, पण तो कधी आणि कसा उकरायचा याची चर्चा ज्या ठिकाणी होते तिथे आपला नगरसेवकही प्रश्न विचारू शकेलच असे नाही.

काही विषय बंद दाराआडच व्हायला हवेत, हे मला मान्य आहे. निविदा उघडण्यापूर्वीची माहिती, कर्मचाऱ्यावरील चौकशी, न्यायालयात चालू असलेल्या दाव्याची तयारी यांची जाहीर चर्चा केल्यास संस्थेचेच नुकसान होईल. पण मग तेवढा विषय वगळल्याची कारणासह नोंद करावी. कॅमेरा लावला की भाषणबाजी वाढते, या आक्षेपातही तथ्य आहे. पण कर्नाटक उच्च न्यायालयाचे कामकाज घरबसल्या मोबाईलवर पाहता येते, तर पाण्याच्या टाकीवरची चर्चा दाखवण्यात एवढी अडचण कसली?

माझी मागणी मोठी नाही. विषयपत्रिका सभेच्या आठ दिवस आधी कन्नड व मराठीत फलकावर आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावी, इतिवृत्त पंधरा दिवसांत प्रसिद्ध व्हावे, आणि त्यात कोणत्या सदस्याने विरोध केला व का केला, याची नावानिशी नोंद असावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदराखाली खर्चाचा एकही ठराव घेऊ नये. आदल्या संध्याकाळी ठरलेले बरेचसे याच वाटेने सभेत शिरते, आणि ही वाट बंद करायला नवा कायदा किंवा निधी लागत नाही, सदस्यांचा एक ठराव पुरेसा आहे. तसा ठराव आपल्या भागातली कोणती संस्था आधी करते, याकडे आपल्या वार्ताहरांनीही लक्ष ठेवावे, ही विनंती.

आपला,
एक करदाता नागरिक,
बेळगाव तालुका