‘रिसीट’मधल्या ‘पी’बद्दल आभार

डिचोली-पणजी कदंब बसमध्ये मी इंग्रजी पुटपुटत बसायचो. ‘रिसीट’मधला ‘पी’ उच्चारायचा नसतो, हे शेजारच्या ज्या बाईंनी कुणाला ऐकू जाणार नाही असं हळूच सांगितलं, त्यांचे मनापासून आभार. तोवर वर्षभर मी काउंटरवर ‘रिसिप्ट’ म्हणत होतो!

पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत (संस्था १८३२ सालची, इमारत मात्र नवी) माझ्या वहीतल्या ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’मधला ‘हॅव’ पेन्सिलीने खोडून ‘काल म्हटलं की नको’ असं शेजारी लिहिणाऱ्या काकांचेही. मराठीत ‘काल त्याला पाहिलंय’ सहज चालतं, म्हणून पाय तिथेच घसरतो. अजूनही घसरतो. पण परवा एका पर्यटकाला बेतीच्या फेरीबोटीची वाट न अडखळता सांगितली.

दोघांची नावं विचारायची राहूनच गेली. देव बरें करूं.