मिरजेच्या चाचांना, एका चुंबळीसाठी

चाचा, सादर नमस्कार.

प्रदर्शन काल संपलं. सामान घरी आलं, भोपळा कपाटावर ठेवला आणि आधी हे पत्र लिहायला बसले. तुमचं नाव घालत नाही, कारण "नाव-बिव कुठं छापू नका ताई" असं तुम्ही बजावलंय. पण गप्पही बसवत नाही. सतारमेकर गल्लीतल्या लोकांना ओळख पटायची ती पटेलच. नातीकडून मोबाइलवर वाचून घ्या, आणि तिला सावकाश वाचायला सांगा.

इतरांसाठी थोडं सांगते. मी सांगलीची, टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले. नोकरी होती तोवर कान आणि तोंड एवढ्याच दोन गोष्टी कामाच्या होत्या, हाताला फक्त ट्रंक कॉलच्या चिठ्ठ्या. निवृत्तीनंतर वाळलेल्या भोपळ्यांवर कोरीव काम करायला लागले. साल हलकी खरवडायची, मधेमधे बारीक भोकं पाडायची, आत दिवा लावला की चित्र उजळतं. यंदा इथल्या हौशी कलाकारांच्या प्रदर्शनासाठी कृष्णेवरचा आयर्विन पूल करायचं मनात घेतलं, तोही महापुरातला. १९२९ सालचा हा पूल म्हणजे सांगलीकरांची मोजपट्टी आहे. पावसाळ्यात कुणी भेटलं की तब्येत विचारायच्या आधी "आयर्विनला किती फूट?" हे विचारतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका हे इथल्या पोरांनाही पाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या घरातली भांडी तरंगत होती आणि आम्ही मिरजेत नातेवाइकांकडे होतो. ते पाणी मला कोरायचं होतं. पुलाच्या कमानी, त्यांच्यावर चढत गेलेली पाण्याची रेघ, काठावरची घरं. त्यासाठी मोठा, गोल, तंबोऱ्याला लागतो तसला जाड सालीचा भोपळा मिळवला आणि महिनोन् महिने त्यावर बसले.

सगळं कोरून झालं. दिवा बसवायला बुडाशी गोल कापायचं तेवढं राहिलं. ते काम माझ्या हातचं नव्हतं म्हणून सांगलीतल्या एका दुकानात दिलं. "अहो, हे रोजचंच आहे" म्हणाले. मी समोर उभी असताना त्या माणसानं भोपळा कोरडाच मशीनवर धरला. कट्‌कन आवाज झाला आणि बुडापासून तिसऱ्या कमानीपर्यंत तडा गेला. त्याचं मला एवढं लागलं नाही, पुढं जे बोलला त्याचं लागलं. "मालच खराब होता. आणि मॅडम, हौसेचंच आहे ना? दुसरा करा." वर कापायचे पैसे घेतले. संयोजकांपैकी एकांना फोन केला, तर तिकडूनही तेच. "टेबल रिकामं राहिलं तरी चालेल, एखादं जुनं काहीतरी ठेवा." निवृत्त बाईनं केलेली वस्तू म्हणजे वेळ घालवायचं साधन, ती असली काय नि नसली काय, असं या लोकांनी धरूनच ठेवलेलं असतं. माझ्याबरोबर प्रदर्शनात क्रोशाचं काम करणाऱ्या, माती घडवणाऱ्या, कागद कातरणाऱ्या कितीतरी जणांना हेच ऐकावं लागतं. आज चिडून लिहिते आहे, आणि चीड खरी आहे.

मग कुणीतरी सांगितलं, भोपळ्याचं दुखणं भोपळेवाल्यांनाच कळणार, मिरजेला जा.

चाचा, मी आले तेव्हा तुम्ही एका तंबोऱ्याची जवारी काढत होता, म्हणजे तारांचा आवाज खुलावा म्हणून घोडी घासत होता. गिऱ्हाइकाला संध्याकाळची गाडी होती, ते तिथंच बसलेले. मी दारातच पिशवी उघडून सांगायला लागले की हे वाद्य नाही, नुसती हौस आहे, सवडीनं बघितलंत तरी चालेल. तुम्ही ऐकून घेतलं नाही. मांडीवरचा तंबोरा उचलून सतरंजीवर आडवा ठेवलात, त्याच्या भोपळ्याखालची चुंबळ काढलीत आणि माझा भोपळा त्या चुंबळीवर ठेवलात. "आधी ह्याला नीट बसू दे," एवढंच म्हणालात.

ती चुंबळ मी अजून बघते आहे. कुठल्याशा जुन्या लुगड्याची, काठ आत दुमडलेला, वर सुतळीचे वेढे, आणि वर्षानुवर्षं लाखेचं पॉलिश लागून लागून तपकिरी, कडक झालेली. तिच्यावर किती गवयांचे तंबोरे बसले असतील! आणि त्या जागेवर माझं काम ठेवताना तुम्ही क्षणभरही विचार केला नाहीत. मला तिथंच रडू आलं. तुम्ही बघून न बघितल्यासारखं केलंत, त्याचेही आभार.

नंतरचं काम तुम्ही केलंत ते मी फक्त बघत होते. ओलं फडकं बुडाला गुंडाळून साल मऊ पडू दिलीत, भोपळ्याच्याच सालीची भुकटी सरसात कालवून तडा भरलात, आतून कापडाची पट्टी लावलीत. अध्येमध्ये नखानं टकटक करून ऐकत होता. मलाही ऐकवलंत, इथं बद्द, इथं खणखणीत. सगळा जन्म कानावर काढलेल्या बाईला तो फरक लगेच कळला, आणि तुम्हाला त्याचा आनंद झाला हे मला दिसलं. मग तडा कोरडेपणामुळं गेला हे तुम्ही सांगितलंत. वाळलेला भोपळा पाण्यात भिजल्याशिवाय त्याला हत्यार लावायचं नसतं, तुमच्याकडे तर तोंड कापायच्या आधी ते टाकीत मुरतात. मिरजेचे आद्य सतारमेकर फरीदसाहेब यांच्या काळापासून, म्हणजे दीड-पावणेदोनशे वर्षं, या गल्लीत हे ज्ञान हातातून हातात आलंय. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात वाचून बरं वाटलं होतं. पण त्या कागदात हे कसं मावणार, की एवढ्या मोठ्या वाद्यांचा कारागीर एका अनोळखी बाईच्या दिव्यासाठी हातातलं काम बाजूला ठेवतो? आणि ते गिऱ्हाईकही, देव त्यांचं भलं करो, "आधी ताईंचं होऊ द्या, मी रात्रीच्या गाडीनं जाईन" म्हणाले.

पैसे विचारले तर म्हणालात, "तंबोरा नसंल, पण भोपळा तर आमच्याच घरातला." रिक्षापर्यंत स्वतः आलात. चुंबळ सीटवर ठेवून वर भोपळा बसवलात आणि रिक्षावाल्याला सांगितलंत, "खड्डा बघून चालव, वाद्य आहे आत."

वाद्य आहे, म्हणालात.

महापुरात आम्ही मिरजेत होतो तेव्हाही हेच बघितलं होतं. कुणी कुणाला नाव-गाव विचारत नव्हतं. दाराशी भाकरी येत होत्या, चादरी येत होत्या, आणि आणून देणारी माणसं थांबतसुद्धा नव्हती. आमच्या सासूबाई जाईपर्यंत त्या भाकऱ्यांबद्दल बोलायच्या. उरुसाला मिरजेच्या दर्ग्यात किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं होतं, तिथंही ऐकायला बसलेल्याला जात-धर्म कुणी विचारत नाही. माणसाला आणि त्याच्या कामाला बसायला नीट जागा द्यायची, ही मिरजेची जुनी रीत आहे. आमच्या सांगलीतही अशी माणसं आहेत, नाही कशी? पण त्या आठवड्यात मला भेटली नाहीत.

प्रदर्शनात काय झालं ते ऐका. संध्याकाळी हॉलमधले दिवे थोडे कमी केले आणि पूल उजळला. लोक जवळ येऊन कमानी मोजत होते. एक आजोबा बोटानं काठावरची घरं चाचपत "आमचं इथं, ह्या वळणावर" असं नातवाला सांगत होते. पाण्याच्या रेघेवर बोट ठेवून एक बाई बराच वेळ बोललीच नाही. तडा कुणालाही सापडला नाही, मीच ज्याला-त्याला आपण होऊन दाखवत होते आणि मिरजेच्या कारागिरांनी सांधला हे सांगत होते. दोघा-तिघांनी किंमत विचारली. हा विकायचा नाही म्हटलं. भोपळा सगळे दिवस तुमच्या चुंबळीवरच होता, संयोजकांनी दिलेला चकचकीत स्टँड मी टेबलाखाली ठेवला.

शनिवारी दुपारी चुंबळ परत द्यायला येते आहे. पंढरपूरकडचा नवा माल आला असेल तर दोन लहान भोपळे बाजूला काढून ठेवा, आकार कसाही चालेल, साल जाड हवी. कापायच्या आधी भिजवायचे किती ते तुमच्यासमोर बसून शिकायचं आहे. आणि चाचा, या खेपेला पैसे घ्यायचे. नाही घेतलेत तर भोपळे तिथंच ठेवून परत फिरेन, हे आत्ताच सांगून ठेवते.

तुमची,
सांगलीची टेलिफोनवाली ताई