आई-बाबा, सात रस्त्याजवळ गाळा घेतलाय

ती. आई आणि बाबांस,
सा. न.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर आई ‘बरं बरं, जेवलीस का’ म्हणून विषय बदलते आणि बाबा लगेच फोन आईकडे देतात. म्हणून लिहायला बसले. दोघांनी एकत्र बसून वाचा. बाबांच्या डोळ्यांना त्रास होत असेल तर आई, तू मोठ्यानं वाच. मधलं काही गाळू नकोस.

आपल्या सोलापुरात सात रस्त्याजवळ पहिल्या मजल्यावर मी एक गाळा भाड्यानं घेतलाय. डिपॉझिट भरलं, करारावर सही झाली. पुण्यातली नोकरी महिनाअखेरीस सुटतेय. दसऱ्याच्या आधी मी घरी असेन, आणि त्या गाळ्यात टॅटूचं काम सुरू करीन. पूर्णवेळ. आधी विचारलं नाही याचं तुम्हाला वाईट वाटेल, मला कळतंय. पण विचारलं असतं तर तुम्ही काळजीपोटी नाही म्हणाला असता, आणि तुमचा शब्द मोडून हे करणं मला जास्त जड गेलं असतं.

पैशाचं आधी सांगते, कारण बाबा पहिलं तेच विचारतील. कर्ज काढलेलं नाही. दादाकडे एक रुपया मागितलेला नाही. बाबांच्या एफडीला हात लावायचा नाही, मी मागितली तरी द्यायची नाही. वर्षभराचं भाडं बाजूला काढून ठेवलंय, त्यात काम नाही जमलं तर डिझाइनची कामं घरी बसून करता येतात, ती माणसं अजून धरून आहेत. आणि हे काल सुचलेलं खूळ नाही. इतकी वर्षं शनिवार-रविवार मी पुण्यात एका उस्तादांकडे शिकत होते. आधी नुसत्या रबरी कातड्यावर, मग स्वतःच्या मांडीवर, मग माणसांवर.

आई, दिवाळीत काकू आल्या तेव्हा तू करंजी वाढता वाढता माझी बाही खाली ओढलीस. मला राग नाही आला गं. मोठ्या आत्याकडच्या त्या प्रकारानंतर तू किती जपून असतेस ते मी पाहिलंय. पण तू त्या घाईत नीट पाहिलंच नाहीस, हातावर काय आहे ते. मोर आहे. चौकटीचौकटींचा, बाबा चादरीची नक्षी ज्या ग्राफवर काढायचे त्यावरचा. चादरीच्या कोपऱ्यात यायचा तोच. सगळा मोर मावला नसता म्हणून मान आणि पिसाऱ्यातला एक डोळा घेतलाय. बाबा लाल पेन्सिलीनं चौकोन भरत बसायचे आणि मी समोर पालथी पडून मोठ्यानं मोजायचे. तेवीस, चोवीस, इथं दोन रिकामे. गिरणी बंद झाली त्या वर्षी रात्री उशिरापर्यंत चालायचं ते. तू भाकरीचा तवा उतरवून म्हणायचीस, पोरीला झोपू दे आता. मला झोपायचं नसायचं. घरात सगळे गप्प असताना तेवढ्या मोजण्याचाच काय तो आवाज असायचा, आणि बाबा ‘बरोबर’ म्हणाले की मला वाटायचं, चाललंय आपलं ठीक.

कॉम्प्युटर आल्यावर बाबांचे ग्राफ पेटीत गेले. त्यातला एक तरी रोज माझ्या डोळ्यासमोर असावा असं वाटलं. बाबा, तुम्हाला आधी दाखवायचा होता, पण धीर झाला नाही. आलं की हात तुमच्यासमोर धरते. चौकोन मोजून घ्या.

तू म्हणालीस ना, शिकलेल्या मुलीनं गोंदणारणीचं काम करायचं का. आई, आपल्या आजीचं काय होतं? कपाळावर तुळस, हनुवटीवर ठिपके, आणि डाव्या हातावर आजोबांचं नाव. ते नाव तिनं जन्मभर तोंडानं घेतलं नाही. ‘अहो’ नाहीतर ‘पोरांचे वडील’. अक्षरओळखही नव्हती तिला. पण रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की ती हात पुढं करायची. मंगळवेढ्याला माहेरी गोंदणारीण यायची, तीन-चार सुया दोऱ्यानं एकत्र बांधून काजळ टोचायची, आणि आजी रडू नये म्हणून तिची आई गाणं म्हणत बसायची, हे तिनं आपल्याला कितीदा सांगितलंय. सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं म्हणायची. शेवटची अंघोळ घालताना तूच तिचा हात धरून म्हणालीस, ‘अजून कसं हिरवं आहे बघ.’ त्या गोंदणाचा तुला कधी कमीपणा वाटला नाही. माझ्या कामाचाही वाटू देऊ नकोस.

ते हिरवं का दिसतं, तर काजळ काळंच असतं, पण वरच्या कातडीतून बघताना ते निळसर-हिरवट दिसतं. वरची कातडी सारखी झडते आणि नवी येते. शाई त्याच्या खालच्या थरात असते. तिथल्या पेशी शाईचे कण गिळतात आणि त्यांना ते पचवताही येत नाहीत, टाकताही येत नाहीत. अशी एक पेशी मेली की शेजारची नवी पेशी तेच कण पुन्हा उचलून धरते, असं 2018 साली शास्त्रज्ञांना उंदरांवर दिसून आलं. हे वाचलं तेव्हा मी आजीच्या हातावरचं आजोबांचं नाव आठवून खूप वेळ बसले होते. कितीतरी पेशी गेल्या असतील, आणि नाव एकीनं दुसरीकडे दिलं.

बाबा, तुमच्यासाठी दोन गोष्टी राखून ठेवल्यात. 1991 साली आल्प्सच्या बर्फात एक माणूस सापडला, सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा. त्याच्या अंगावर 61 गोंदणं आहेत, काजळीची, साध्या रेघा आणि फुल्या. बरीचशी कंबर, गुडघा, घोटा इथं, म्हणजे जिथं त्याची हाडं झिजलेली होती तिथंच. दुखण्यावर इलाज म्हणून केली असावीत असं अभ्यासक म्हणतात. आपल्याकडेही गुडघा दुखला की गोंदवून घेणाऱ्या बायका होत्याच. (आई, म्हणून तुझ्या गुडघ्यावर मी काही करणार नाही. तू व्यायाम कर.)

दुसरी गोष्ट मशीनची. एडिसननं 1870 च्या दशकात एक विजेचं पेन काढलं होतं. त्यातली सुई वरखाली होऊन कागदाला भोकं पाडायची आणि त्या कागदावरून शाई फिरवली की मजकुराच्या प्रती निघायच्या. त्याच कल्पनेवरून न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली नावाच्या माणसानं टॅटूचं मशीन बनवलं आणि 1891 मध्ये पेटंट घेतलं. म्हणजे मुळात भोकं पाडून नक्षी उतरवायचंच काम. मागावर नक्षी उतरवणाऱ्या जकार्डचे पुठ्ठे पंच करताना तुम्ही मला मांडीवर बसवायचात, तो ठक-ठक आवाज आठवतो? माझं मशीन हातात घेतलं की मला तुमच्यापासून लांब आल्यासारखं अजिबात वाटत नाही.

आता माणसांबद्दल, कारण मी यात पडले ती त्यांच्यामुळे. नावं सांगणार नाही.

एक काका आले होते, ट्रक चालवायचे. बायको जाऊन दोन वर्षं झालेली. पाकिटातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. डब्यात ठेवलेली असणार, कारण कोपऱ्याला हळदीचा डाग होता आणि कागद तेलानं पारदर्शक झाला होता. वर सामानाची यादी, रवा, पोहे, चहापत्ती, आणि खाली दोन शब्द, ‘लवकर या’. तेवढे दोन शब्द हवे होते, तिच्याच अक्षरात. मी ट्रेसिंगचा कागद ठेवून उतरवायला घेतलं. ‘या’च्या कान्याशी पेनमधली शाई संपत आली होती, रेघ मध्येच तुटून पुढं पुन्हा उमटली होती. मी सवयीनं ती जोडली. ते म्हणाले, ‘नको ताई, तिथं तिनं पेन झटकलं असेल. तसंच ठेवा.’ मी तुटकी रेघ तुटकीच ठेवली. पूर्ण झाल्यावर त्यांनी शर्टाची बाही खाली घेऊन बटण लावलं. कुणाला दाखवायचंच नव्हतं ते.

एक मुलगी होती, लहानपणी दूध अंगावर सांडून हात भाजलेला. मेच्या उन्हातसुद्धा पूर्ण बाह्यांचे कपडे. तिला मी लगेच केलं नाही. डाग जुना आणि पक्का लागतो, कोवळ्या व्रणावर सुई चालवायची नसते, आणि व्रणाची कातडी शाई धरते तीही कुठं जास्त, कुठं कमी. आधी डॉक्टरांना विचारून यायला लावलं. मग डागाच्या कडेकडेनं जुईचा वेल नेला, डाग पूर्ण झाकला नाही, तिनंच नको म्हटलं. जाताना रिक्षात बसेपर्यंत ती सारखा हात बघत होती.

आणि मावशी. तिनं तुला सांगितलं नसेल. रेडिएशनच्या वेळी किरणं रोज नेमक्या जागी पडावीत म्हणून छातीवर जे बारीक ठिपके गोंदले होते ना, ते बघून मी तिला म्हटलं, याची फुलं करून देते. म्हणाली, ‘राहू दे. ते ठिपके घेऊन मी बाहेर आलेय.’ आई, तिला यावरून काही विचारू नकोस. तिला वाटेल तेव्हा सांगेल.

सगळेच असे येत नाहीत. पोरं राजमुद्रा मागतात, दंडावर महाराज मागतात, ते मी आनंदानं करते. कमरेखाली देव आणि महाराज मी करत नाही, कितीही पैसे दिले तरी. अठराच्या आतल्या कुणालाही नाही. भरतीची तयारी करणारे येतात, त्यांना आधी नियम सांगते, सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंज्याच्या मागं असेल तेवढंच चालतं. प्रेमात पडून आठवडा झालेला पोरगा नाव कोरायला आला की त्याला महिन्यानं ये म्हणते. बहुतेक परत येत नाहीत, आणि तेच बरं.

स्वच्छतेचं मनात आणू नकोस. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर एकाच सुईनं रांगेतल्या सगळ्यांचे हात टोचलेले तू पाहिलेत, तसलं काही नाही. प्रत्येकाला नवी सुई, शाईची नवी छोटी वाटी, नवे हातमोजे, सगळं समोर फोडायचं आणि समोर टाकायचं. माझे काविळीच्या लसीचे तिन्ही डोस झालेत. ज्यांची साखर ताब्यात नाही त्यांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय बसवत नाही, जखम भरायला वेळ लागतो त्यांची. दादा गणपतीत रक्त देतो, त्याला सांगून ठेव, माझ्याकडून काही करून घेतलं तर पुढं वर्षभर देता येणार नाही. आधी ठरवून मग ये म्हणावं.

घरी आल्यावर तुमचं काही बदलणार नाही. गिऱ्हाईक घरी येणार नाही. मी वरच्या खोलीत राहीन, उन्हाळ्यात ती तापते हे माहीत आहे, कूलर मी घेऊन येतेय. सकाळी तुमच्याबरोबर चहा, दुपारचा डबा घरचा, रात्री आठला परत. नळाला पाणी येईल त्या दिवशी मी गाळा उशिरा उघडीन, सगळी भांडी मी भरीन. आई, तू घागर उचलायची नाही. मी येईपर्यंत शेजारच्या मुलाला सांगितलंय, त्याला लाजून परत पाठवू नकोस. आणि रोज शेंगा चटणीवर भागवू नकोस. बाबांना पालेभाजी लागते, तुलाही लागते.

लोक विचारतील. विचारू देत. तुला सांगावंसं वाटलं तर सांग, चित्रकलेचं दुकान काढलंय. नाहीतर माझ्याकडे पाठव, मी सांगते. माझ्यामुळे तुला कुठल्या हळदीकुंकवाला मान खाली घालून बसायला लागलं तर मला ते सहन होणार नाही, पण तसं होईल असं मला वाटत नाही. या कामानं मला माणसाच्या इतक्या जवळ बसायला मिळतं, आणि ते मला आपल्या गावात, तुमच्या जवळ राहून करायचंय. बाबांचं पाऊल अडखळतं आणि तू ते फोनवर सांगत नाहीस, हेही एक कारण आहे. दादानं सांगितलं मला.

म्हणून बाबा, आता ऐका. साखर तपासून वहीत लिहायची, रोज, आठवून नंतर नाही. पायाला मुंग्या येतात तर सिद्धेश्वराच्या देवळात भर दुपारी अनवाणी जायचं नाही. फरशी तापलेली तुम्हाला कळणारसुद्धा नाही आणि फोड येतील. पहाटे जा, मोजे घालून जा, सिद्धरामाला चालतं. रात्री झोपताना तळवे आईला दाखवायचे. मोतीबिंदूची तारीख पुढं ढकलायची नाही, एकदा झालं तेवढं पुरे. मी रजा टाकलीय, मी बरोबर असेन. थेंब घालायला मी आहे.

गाळ्याच्या पाटीवर काय नाव लिहायचं ते अजून ठरवलेलं नाही. तुम्ही सुचवा, आणि अक्षरं ग्राफवर तुम्हीच काढून द्या. रंगाऱ्याला मी थांबायला सांगितलंय. पण डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर, डॉक्टर हो म्हणाल्यावरच पेन्सिल हातात घ्यायची. तोवर पेटीतले ग्राफ उन्हात घालून ठेवा, कसर लागली असेल.

तुमची,
राणी

ता. क. – आई, गॅसची नळी बदलून घेतलीस का? गेल्या वेळी तिला चिरा पडलेल्या मी पाहिल्या होत्या. उद्याच बोलावून घे, आणि झालं की मला फोन कर.