घोड्याआधी मैदान वाच

सातारा,
ऑगस्टचा शेवटचा आठवडा

प्रिय बापू,

तुझं पत्र मिळालं. मुंबईत ओळीनं जिंकलेला घोडा पुण्यात फेव्हरेट, म्हणजे सगळ्यात जास्त पैसे लागलेला, असून पाचवा कसा आला, जॉकीनं मुद्दाम लगाम ओढून मागं ठेवलाच असणार, असं तू लिहिलंयस. ओढला की नाही ते स्ट्युअर्ड, म्हणजे रेसचे पंच, बघतील. पण तो मुंबईत किती अंतराला, कसल्या जमिनीवर, कितव्या गेटमधून सुटून जिंकला होता, हे तुझ्या आख्ख्या पत्रात कुठं नाही. भाव काय होता, म्हणजे रुपयाला किती मिळणार होते, ते मात्र पुन्हापुन्हा आहे!

आपण बैलांच्या शर्यती बघत वाढलेली माणसं. खेड-जुन्नरकडं घाट असतो: चढाची धावपट्टी, एका वेळी एकच गाडा, आणि सेकंदाचा हिशेब. आपल्याकडं सपाट माळावर छकड्या शेजारीशेजारी आपापल्या तासातून, म्हणजे आखलेल्या पट्टीतून, सुटतात, आणि झेंड्यापाशी पुढं कोण तेवढंच बघायचं. घाटात नाव काढलेली जोडी उद्या पुसेगावच्या मैदानात उतरवली, तर ती मारणारच असं तू छातीठोक सांगशील का? गाडी कुठल्या तासाला लागली हे विचारल्याशिवाय तू तोंड उघडत नाहीस. मग रेसकोर्सच्या फाटकातून आत शिरलास की ही अक्कल कुठं जाते?

घोड्यांच्या मैदानांत फरक याहून जास्त. अमेरिकेत त्यातल्या त्यात एकसारखेपणा आहे: डाव्या हाताला वळणारी, सपाट, लंबगोल मैदानं आणि मोठ्या रेस मातीवर. तरीसुद्धा चर्चिल डाउन्सचा फेरा एक मैलाचा आणि बेलमाँटचा दीड मैलाचा. मेलबर्नला घोडे डावीकडं वळतात, सिडनीला उजवीकडं. इंग्लंडात तर एकासारखं दुसरं नाहीच. चेस्टरचं मैदान जवळजवळ गोल, फेरा मैलाहून थोडासाच मोठा आणि शेवटची सरळ पट्टी जेमतेम दोनशे मीटरची. तिथं कमी अंतराच्या रेसमध्ये बाहेरचं गेट मिळालेल्या घोड्याचा मालक तोंड पाडूनच उभा असतो. न्यूमार्केटच्या रोली माइलला मैलभर सरळ पळायचं, वळणच नाही. विंडसरला इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं मैदान आहे. ते कुणाला आणि का सुचलं असेल, देव जाणे.

एप्सम मात्र जरा सविस्तर सांगतो. इंग्लिश डर्बी तिथं होते, अंतर साधारण आपल्या इंडियन डर्बीएवढंच, 2400 मीटर. पण सुटल्यासुटल्या चढ लागतो, सुमारे 40 मीटर उंची चढायची. मग उतार, आणि उतारावरच टॅटनहॅम कॉर्नरचं डावं वळण. पुढच्या सरळ पट्टीत जमीन आतल्या रेलकडं, म्हणजे कठड्याकडं, कललेली, त्यामुळं दमलेला घोडा तिरका जायला लागतो. 1986 साली डान्सिंग ब्रेव्ह हा तिथला फेव्हरेट होता. उतारावर तो मागंच राहिला, सरळ पट्टीत वाऱ्यासारखा आला, तरी शाहरास्तानी या घोड्यानं अर्ध्या लेंग्थनं (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) रेस मारली. लोकांनी जॉकीवर खापर फोडलं, तुझ्यासारखंच. त्याच वर्षी पॅरिसला लाँगशाँवर, तेवढ्याच 2400 मीटरला, तो पुन्हा मागून आला आणि आर्क ही तिथली मोठी रेस जिंकला; त्या रेसमध्ये शाहरास्तानी त्याच्या मागं होता. जॉकी बदलला होता हे खरं. पण मैदानही बदललं होतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आता वळणाचं गणित. तू पॉलिटेक्निकचा माणूस, पाच मिनिटांत पटेल. अर्ध्या वर्तुळाच्या वळणावर रेलपासून एक मीटर बाहेर पळालं की 3.14 मीटर जादा पळावं लागतं. वळण लहान असो की मोठं, त्रिज्येचा इथं काही संबंध नाही. तीन मीटर बाहेर राहिलेला घोडा म्हणजे साडेनऊ मीटर जादा, जवळजवळ चार लेंग्थ. तू ज्याला 'दोन लेंग्थनी हरला' म्हणून काट मारतोस, तो कदाचित त्या रेसमधला सगळ्यात चांगला घोडा असतो. लहान त्रिज्येच्या वळणावर आणखी एक भानगड असते. तिथं वेगही कमी करावा लागतो, म्हणून अंगानं थोराड, लांब ढांगेचा घोडा अडखळतो आणि आटोपशीर घोडा निसटून पुढं जातो. शिवाय उजव्या वळणावर घोडा उजवा पुढचा पाय पुढं टाकून पळतो, डाव्या वळणावर डावा, आणि सरळ पट्टीत पाय बदलतो. काही घोड्यांना एका हाताचं वळण जमतच नाही. दुर्बीण घेतोस तर जॉकीच्या कपड्यांचे रंग बघत बसू नकोस, घोड्याचे पाय बघ.

तुझ्या कामाची खरी गोष्ट ही की मुंबईचा सीझन हिवाळ्यातला आणि पुण्याचा पावसाळ्यातला. बरेचसे तेच घोडे, तेच ट्रेनर, पण मैदान दुसरं आणि जमीन भिजलेली. म्हणून रेसच्या दिवशी पेनेट्रोमीटरचा आकडा आधी बघत जा, जमीन किती मऊ आहे ते त्यावरून कळतं. फॉल्स रेल लावलीय का तेही बघ. आतली हिरवळ तुडवली गेली की रेल बाहेर सरकवतात, मग वळण बदलतं आणि गेट नंबरचा अर्थही बदलतो.

आणि टोटवर, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र जमा होतात त्या खेळात, आपण क्लबविरुद्ध खेळत नाही रे, शेजारी उभ्या असलेल्या माणसाविरुद्ध खेळतो. क्लब आपला वाटा आधीच काढून घेतो, उरलेले पैसे जिंकणाऱ्यांत वाटले जातात. सगळी गर्दी मुंबईच्या नावावर पैसे ओतते तेव्हा त्या घोड्याचा भाव पडतो आणि पुण्याच्या चिखलात पूर्वी पळून दाखवलेला घोडा चढ्या भावात मिळतो. तसा एखादा दिसला तर खेळ. नाही दिसला तर कँटीनमध्ये चहा घे. मी तर निम्म्या रेस नुसत्या बघतो.

पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीनं येतोय. रेसकार्ड आदल्या दिवशी घेऊन ठेव, आणि त्या पाचव्या आलेल्या घोड्याच्या मुंबईतल्या रेसचे व्हिडिओ शोधून ठेव. वळणावर तो कुठं होता ते दोघं मिळून बघू. वहिनींना नमस्कार. कंदी पेढे आणतो, पण ते त्यांच्यासाठी.

तुझा,
आप्पा